सराई कायदा आणि ‘कोणत्याही हॉटेलात फुकट पाणी’ : एक प्रतिवाद

उन्हाळा लागला की सोलापूरकरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो आणि आषाढीच्या सुमारास तो पंढरपूरच्या वाटेवर असलेल्या कुटुंबांपर्यंतही पोहोचतो. त्याचा आशय असा की, ‘भारतीय सराई कायदा, १८६७’ नुसार कोणालाही, कोणत्याही वेळी, कोणत्याही हॉटेलात, मग ते पंचतारांकित का असेना, स्वतःसाठी व आपल्या पाळीव प्राण्यासाठी पाणी मागण्याचा आणि तेथील स्वच्छतागृह विनामूल्य वापरण्याचा हक्क आहे. नकार दिल्यास हॉटेलाचा परवाना रद्द होतो. आणि एवढी माणुसकी इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवली आहे. गेल्या मे महिन्यात पुणे रस्त्यावरील एका हॉटेलात एक गृहस्थ हाच मजकूर गल्ल्यावरच्या मुलासमोर धरून त्याला पोलिसांची भीती घालत होते. तो मुलगा मालकाला फोन लावता लावता रडवेला झाला होता. घरी आल्यावर मी कायद्याचा मूळ मजकूर काढून वाचला.

कायदा खरा आहे. १८६७ सालचा तो बाविसावा कायदा असून एका बैठकीत वाचून होण्याइतका लहान आहे. प्रवाशांच्या आसऱ्यासाठी व मुक्कामासाठी वापरली जाणारी कोणतीही इमारत म्हणजे सराई, अशी त्यात व्याख्या आहे, आणि इमारतीचा काही भागच तसा वापरला जात असेल तर तेवढा भाग सराई ठरतो. शिवाय ‘पुराओ’, म्हणजे आपला पडाव, यालाही कायदा लागू पडेल तेथे लागू केला आहे. ही व्याख्या इतकी व्यापक आहे की उत्तर प्रदेशात आजच्या हॉटेलांची नोंदणीही याच कायद्याखाली होत आली आहे. त्यामुळे ‘हॉटेल म्हणजे सराई नव्हेच’ एवढे म्हणून या मजकुराला उडवून लावणारेही घाई करतात. खरा प्रश्न असा आहे की, सराई चालवणाऱ्यावर कायद्याने कोणती कर्तव्ये टाकली होती.

ती कर्तव्ये सातव्या कलमात आहेत. सराईत कोणाला संसर्गजन्य रोग झाला किंवा त्या रोगाने कोणी मरण पावले तर जवळच्या पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवावे; दंडाधिकाऱ्याला तपासणीसाठी मोकळेपणाने आत येऊ द्यावे; खोल्या, ओसऱ्या आणि गटारे साफ ठेवावीत; ज्या विहिरींतून वा तळ्यांतून तेथे उतरणाऱ्या माणसांना व जनावरांना पाणी मिळते, ती स्वच्छ करावीत; अपायकारक झाडझाडोरा काढावा आणि ज्यांवरून चोर आत-बाहेर करू शकतील अशी झाडे व फांद्या तोडाव्यात; दरवाजे, भिंती, कुंपण आणि छपरे दुरुस्त ठेवावीत; उतरलेली माणसे, जनावरे आणि वाहने यांच्या रक्षणासाठी पुरेसे पहारेकरी ठेवावेत; आणि सराईच्या वापराबद्दल घेतल्या जाणाऱ्या दरांचा तक्ता लावावा. पाण्याचा उल्लेख येतो तो विहीर साफ ठेवण्याच्या संदर्भात. वाटेने जाणाऱ्या कोणालाही पाणी द्यावे, ते विनामूल्य द्यावे, किंवा न उतरलेल्या माणसाला शौचालय वापरू द्यावे, असे एकही वाक्य कलमात नाही. उलट शेवटचे कर्तव्य दरांच्या तक्त्याचे आहे. सराई पैसे घेते हे गृहीत धरूनच कायदा लिहिलेला आहे.

‘पाळीव प्राण्यासाठी’ हा शब्दप्रयोग तर एका काळाचे चित्र दुसऱ्या काळावर डकवल्याने आला आहे. १८६७ मध्ये सराईत येणारे जनावर म्हणजे प्रवासाचे साधनच होते : गाडीचे बैल, स्वारीचा घोडा, ओझ्याचे तट्टू किंवा उंट. सोलापूरचेच उदाहरण घ्या. मुंबई-पुण्याकडून आगगाडी सोलापुरास १८६० मध्ये आली आणि रायचूरला मद्रासच्या लोहमार्गाशी ती जुळली १८७१ मध्ये. मधल्या बहुतेक काळात येथे गाडीतून उतरून पुढे दक्षिणेकडे जाणाऱ्याला बैलगाडी, घोडा किंवा मेणा यांचाच आधार होता. पंढरपूरला तर बार्शी लाइट रेल्वेची छोटी आगगाडी १९०६ मध्ये पोहोचली. तोपर्यंत कुर्डुवाडीस उतरलेला यात्रेकरू पायी किंवा बैलगाडीनेच पुढे जाई. अशा प्रवासात जनावराची सोय झाल्याशिवाय माणसाची सोय होत नसे. संध्याकाळी साज उतरवून घोड्याला खरारा करायचा, चंदी चारायची, नाल तपासायचे, आणि हे सगळे ज्या पाण्याच्या भरवशावर चालायचे ती विहीर नासलेली असली तर दुसऱ्या दिवशीची मजल बुडाली. वाखरीजवळ बाजीरावाची विहीर येथे पालखीचे रिंगण होते, तेथे उभे राहून पाहिले तर विहीर, मोकळे मैदान आणि घोडा हे तिन्ही एकत्र दिसतात, आणि पडाव म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. विहिरीबाबतच्या वाक्यात माणसांबरोबर जनावरे आली आहेत ती यामुळे. पट्ट्याला बांधून फिरायला नेलेल्या कुत्र्याशी त्यांचा संबंध जोडता येत नाही.

घोड्यांच्या भाड्याच्या वाहनांसाठीही त्या काळात स्वतंत्र कायदे झाले, आणि त्यांची घडण पाहिली की सराई कायद्याचा स्वभाव अधिक नीट कळतो. टप्प्याटप्प्याने उतारू नेणाऱ्या घोडागाड्यांचा कायदा १८६१ चा आणि मुंबई शहरातील भाड्याच्या गाड्यांचा १८६३ चा. परवाना, उतारूंची संख्या, दर आणि तपासणी हीच त्यांची भाषा आहे. पुढे काल्का-सिमला रस्त्यावर १९०३ मध्ये रेल्वे होईपर्यंत किंवा वाठार स्थानकावरून महाबळेश्वरला जे टांगे धावले, त्यांची सारी शिस्तही वाटेत ठरलेल्या ठिकाणी ताजे घोडे मिळण्यावर उभी होती. सरकारला रस्ता चालता ठेवायचा होता आणि त्यावरून कोण येते-जाते हे कळायला हवे होते. सराई कायद्यातही दंडाधिकारी सराईवाल्याकडून उतरलेल्यांची माहिती मागवू शकत असे. चोर, साथ आणि पोलीस या तीन गोष्टींभोवती हा कायदा फिरतो.

म्हणूनच ‘इंग्रजांची माणुसकी’ हे विधान मला सर्वांत जास्त खटकते. सरकारने प्रवाशांसाठी स्वतः बांधले ते डाक बंगले. आपल्याकडे त्यांना मुसाफिर बंगले म्हणत. दोन-तीन खोल्या, एक खानसामा, नोंदवही आणि ठरलेले भाडे अशी त्यांची रचना होती, नवा प्रवासी आल्यास चोवीस तास राहून झालेल्याने जागा सोडावी असा नियम असे, आणि वापर मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांचा व प्रवाशांचा होता. मजकुरातली ‘पंचतारांकित’ हॉटेले तर तेव्हा नव्हतीच. मुंबईचे प्रसिद्ध वॉटसन हॉटेल १८६७ मध्ये अजून बांधले जात होते आणि ताजमहाल हॉटेल उघडले १९०३ मध्ये. सामान्य वाटसरूला फुकट पाणी देण्याची रीत या देशात होती, पण ती धर्मशाळांची, अन्नछत्रांची आणि पाणपोयांची. ज्यांचे नाव आज सोलापूरच्या विद्यापीठाला आहे त्या अहिल्यादेवींनी देशभर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्या या कायद्याच्या कितीतरी आधी. चैत्रात रांजण भरून ठेवणाऱ्या माणसाचे श्रेय इंग्रजी राजवटीच्या खात्यावर जमा होणे मला अन्यायाचे वाटते.

दंडाबद्दल थोडक्यात : कायद्यातील दंडाची मर्यादा २० रुपयांची, उल्लंघन चालू राहिल्यास दिवसाला एक रुपया अधिक, आणि तिसऱ्यांदा दोषी ठरल्यास सराई चालवण्यास मनाई. तीही वर सांगितलेल्या कर्तव्यांत कसूर केल्यास; पाणी नाकारण्याचा गुन्हाच तेथे नाही. शिवाय हा हक्क १८६७ पासून असता, तर दक्षिण दिल्ली महापालिकेला २०१७ मध्ये उपाहारगृहांची स्वच्छतागृहे लोकांना खुली करण्यासाठी परवान्यात नवी अट घालावी लागली नसती. त्या अटीतही पाच रुपयांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा होती.

या मजकुरामागची गरज मात्र खरी आहे, आणि ती विशेषतः बायकांची आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर चार तासांच्या प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने घरून निघताना पाणी न पिणाऱ्या माझ्या घरातल्याच स्त्रिया मला माहीत आहेत. त्यांना उपयोगी पडेल अशी सोय दुसरीकडे आहे : सार्वजनिक तेल कंपन्यांच्या पेट्रोल पंपांवर पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि चाकात हवा या सोयी विनामूल्य देणे कंपन्यांच्या नियमांनुसार पंपचालकावर बंधनकारक आहे आणि त्यासाठी इंधन घेण्याची अट नाही. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर किल्ली मागावी, आणि न दिल्यास पंपावरच्या तक्रार वहीत नोंद करावी. आमच्या गटावर मी सातव्या कलमाचे मराठी भाषांतर टाकले आहे आणि त्याखाली पंपांवरच्या या सोयींची माहिती दिली आहे; ज्यांच्याकडे तो जुना मजकूर पुन्हा येईल त्यांनी तो पुढे पाठवण्याऐवजी हे दोन्ही पाठवावे, अशी माझी विनंती आहे.