नाव सांग की बे

सोलापूरच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा कुणाच्या तरी पोराच्या गॅदरिंगचा व्हिडिओ आला. नाटुकल्यात तोतरा वेटर, ‘भ-भ-भजी’ म्हणतोय आणि मंडप हसून लोळतोय. यात हसण्यासारखं काय, एवढंच मी विचारलं. उत्तर आलं, ‘लेस्टरला जाऊन लई नाजूक झालास. हसल्यानंच भीती मोडते.’

भीती! घाबरलेल्याची ‘ततपप’ होते म्हणून तोतरा तो घाबरटच, हे आपलं गणित. अरे, मेंदूत बोलण्याची जुळणीच वेगळी असते, बऱ्याचदा ती घराण्यातूनही येते. शंभरातली पाचेक मुलं कधी ना कधी अडखळतात, बहुतेकांचं आपसूक जातं, मोठेपणी शंभरात एखादा उरतो. आमच्या वर्गातला तो मी. आजीनं वेखंड उगाळून जिभेला चोळलं होतं. जीभ सुटली नाही, तिखटपणा मात्र अजून आठवतो.

इथं इंग्लंडात मुलाखतीआधी मेल टाकला, मला बोलायला वेळ लागतो. २०१० च्या समानता कायद्यानं सोय करावी लागते. पंधरा मिनिटं वाढवून दिली, कुणी भुवईसुद्धा उचलली नाही. १९९८ पासून २२ ऑक्टोबर हा तोतरेपणाच्या जागृतीचा दिवस पाळतात. त्या दिवशी मी ग्रुपवर पोस्टर टाकलं: वाक्य आपण पुरं करू नका, ‘सावकाश बोल’ म्हणू नका, थांबा. सात जणांनी हात जोडले. त्याच सातांतल्या एकानं हा वेटर पाठवलाय.

‘मग तिथंच राहा की,’ असंही एकानं लिहिलं. राहतोच आहे. पण खरं सांगायचं तर इथं कॉफीच्या काउंटरवर नाव विचारलं की मी ‘टॉम’ सांगतो. प्रमोदमधला ‘प’ निघत नाही, आणि मागची रांग इतकी सभ्य गप्प असते की त्यापेक्षा हसलेलं बरं वाटावं. कॉलेजात असताना रिक्षावाल्याला ‘पार्क चौक’ म्हणता येईना म्हणून ‘सात रस्ता’ सांगून तिथून चालत जायचो. तेच इथं करतोय, फक्त कपावर लिहून मिळतं.

गेल्या दिवाळीत नवी पेठेत शेंगाचटणी घ्यायला गेलो. ‘पा… पा…’ वर अडकलो. म्हाताऱ्या दुकानदारानं चटणीत खुपसलेला डाव तसाच धरला. ‘पाव का?’ म्हणाला नाही. मागं गर्दी, कुणीतरी ‘ओ काका’ करूलालं होतं, तरी तो माझ्याकडंच बघत उभा.

‘पाव किलो,’ मी म्हणालो.

‘अजून काय?’