‘व्याज जास्त लावा, झालं!’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपपासून बडोद्यातल्या निम्म्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: बँक आपणहून बुडत नाही, तिला लबाड कर्जदार आणि अफवेला भुलणारे ठेवीदार बुडवतात. बँकेकडे सिबिल (कर्जदाराने मागची कर्जं कशी फेडली याची नोंद) आहे, तारण आहे. पार्टी धोक्याची वाटली तर व्याज जास्त लावावं, हिशेब चुकता. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केल्यामुळे मला गप्प बसवेना.

आधी व्याजाचं. दर ९ वरून १५ टक्के केला तर कोण निघून जातं? ज्याचा धंदा नेटका आहे आणि १५ परवडणार नाही हे ज्याला कळतं, तो. मागे राहतो तो आकडा लावणारा: लागला तर कमाई त्याची, बुडाले तर पैसे बँकेचे. त्याला १५ काय नि २० काय! म्हणजे दर चढवून बँक वाईट कर्जदारच वेचून घेते. स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थतज्ज्ञांनी १९८१ साली हेच मांडलं होतं. म्हणून बँका एका हद्दीनंतर दर वाढवत नाहीत, कर्जच नाकारतात. संकटात हा हात आणखी आखडतो आणि चांगले कारखानेही त्यात अडकतात.

आता सिबिल आणि तारण. सिबिल मागचं सांगतं. तारणासाठी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतलं एखादं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तशी उचल देणारं) खातं डोळ्यांपुढे आणा. पार्टी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देते, त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचल करता येईल ते, काढतात. कागदावर माल ८० लाखांचा. बँकेचे साहेब गोडाऊनवर जाऊन थप्प्या मोजतात. पण मागच्या रांगेतल्या खोक्यांत काय आहे, माल उधारीवर उचललाय का, तोच दुसऱ्या बँकेलाही दाखवलाय का, हे पार्टीला ठाऊक, साहेबांना नाही.

आणि लपवाछपवी एकटा कर्जदारच करतो असंही नाही. मार्च जवळ आला की थकलेलं खातं ‘नवं-जुनं’ करतात: नवं कर्ज मंजूर, त्यातून जुनं वसूल, ताळेबंद चकचकीत. रिझर्व्ह बँकेने २०१५ साली बँकांच्या कर्जखात्यांची झाडाझडती सुरू केली. मार्च २०१५ मध्ये एकूण कर्जांच्या सुमारे ४ टक्के दिसणारी ढोबळ थकीत कर्जं मार्च २०१८ पर्यंत ११ टक्क्यांवर गेली. त्यातली बरीच आधीपासूनच आजारी होती, फक्त कागदावर धडधाकट होती. मेसेजवाले याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

राहिले ‘अफवेला भुलणारे’ ठेवीदार. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा बँक कोसळली. शेअरदलाल केतन पारेखला तिने मर्यादा धाब्यावर बसवून कर्ज दिलं होतं. गुजरातेतल्या कितीतरी सहकारी बँकांच्या ठेवी तिच्यात होत्या. कोणाच्या किती अडकल्या, हे खातेदाराला कोण सांगणार? मग रांगा लागल्या, त्या धड बँकांच्या दारातही. त्या रांगेतला माणूस मूर्ख नव्हता, त्याला आतलं काही दिसत नव्हतं. सप्टेंबर २००८ मध्ये लीमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक बुडाल्यावर तर जगातल्या मोठमोठ्या बँकाच एकमेकींना उसने देईनात. कोणाच्या पोटात किती बुडीत आहे हे त्यांनाही कळेना. त्यांना काही व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा आली नव्हती.

फेब्रुवारी २०२० पासून दर बँकेमागे ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, त्यामुळे लहान ठेवीदाराला धावत सुटायचं कारण कमी झालं. ज्यांची ठेव त्याहून मोठी, त्यांनी बँकेचा वार्षिक अहवाल वाचावा. अर्थात, तो बँकेनेच लिहिलेला असतो.