+३७१ चा फोन उचलल्याने बँक खातं रिकामं होत नाही

मावशीचा मुलगा लात्व्हियात, रीगाला शिकतो. तिथला +३७१ चा नवा नंबर घेऊन त्याने घरी फोन लावला, तर मावशी उचलेचना. कारण तो जुना मेसेज पुन्हा फिरतोय: +३७५, +३७१, +३८१, +५६३, +३७०, +२५५ या नंबरांवरून आलेला फोन घेतलात किंवा उलट केलात, तर ३ सेकंदांत कॉन्टॅक्ट आणि बँकेचे तपशील कॉपी होतात. पुढे तंबी, #९० दाबू नका. लोकांना आपल्याच माणसांचे फोन तोडायला लावणारा हा मेसेज आहे, म्हणून संताप येतो.

आधी ते '३ सेकंद'. साध्या कॉलमध्ये आवाज जातो-येतो. पलीकडच्याला तुमच्या फोनमधली यादी वाचता येत नाही, मग तो कुठल्याही देशात बसलेला असो. पैसे जातात ते ओटीपी सांगितल्याने किंवा भलतंसलतं ॲप टाकल्याने.

आता ही यादीच बघा. +५६३ नावाचा देशाचा कोड अस्तित्वातच नाही! कोड देते आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, आयटीयू, तिच्या ई.१६४ या शिफारशीनुसार. ५६ चिलीला दिलाय म्हटल्यावर ५६३ दुसऱ्या कुणाला देताच येत नाही, नाहीतर कोड कुठे संपला हे एक्स्चेंजला कळणार कसं? तो ३ चिलीतल्या नंबराचा आकडा आहे. मेसेजमध्ये ३७० म्हणजे 'विल्नियस' लिहिलंय. विल्नियस ही लिथुआनियाची राजधानी, पण कोड अख्ख्या लिथुआनियाचा आहे. ३७ पूर्वी पूर्व जर्मनीचा होता. १९९० मध्ये जर्मनी एक झाल्यावर तो मोकळा झाला, त्याचे तीन आकडी तुकडे पाडले आणि लिथुआनिया, लात्व्हिया, बेलारूस अशा देशांना वाटले. युगोस्लाव्हियाच्या ३८ चंही तेच झालं, ३८१ सर्बियाकडे आला. ठगांचे म्हणून वेगळे कोड कुणी काढलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र खरी, मान्य करावीच लागेल. अनोळखी परदेशी नंबरावरून एक रिंग देऊन कट करतात. तुम्ही उलट फोन केलात की महागडा कॉल लागतो आणि त्या बिलातला वाटा ठगाला मिळतो. तेव्हा अनोळखी मिस्ड कॉलला उलट फोन करू नका. पण जातात ते कॉलचे पैसे, बँकेतले नव्हे.

#९० चा मोबाइलशी संबंध नाही. ती भानगड ऑफिसांतल्या जुन्या एक्स्चेंजची.

आणि स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटाही दाखवता येतो. तोच ठग उद्या ब्रिटनचा +४४ दाखवेल, आणि ही यादी पाठ केलेला माणूस निर्धास्तपणे फोन उचलेल.