वरचा कट्टा, चूल आणि हुरडा: पंच्याहत्तरीच्या सहलीवरच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारांचा अभिप्राय वाचला. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सासूबाईंच्या पंच्याहत्तरीसाठी तुम्ही सोलापूरहून 45 माणसं घेऊन आमच्या निसर्ग केंद्रावर आलात. तक्रारी अशा: वरचा कट्टा ठरवला होता तरी दुपारी खाली हलायला लावलं, चूल पेटवू दिली नाही, वडाखालचा पार रिकामा असून दोरी बांधून बंद ठेवला, भांडी वाहून माणसं दमली आणि हुरडा निब्बर निघाला. 'हे निसर्ग केंद्र नाही, नियम केंद्र आहे' हे वाक्य मात्र झकास जमलंय. पण त्यातला प्रत्येक नियम ऊन, वारा किंवा गवत बघून केलेला आहे. इथं येणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वरचा कट्टा. बार्शी तालुक्याच्या या बाजूला बालाघाट डोंगररांगेचे फाटे उतरतात आणि आमचा कट्टा अशाच एका फाट्याच्या कडेवर आहे. सकाळी नऊपर्यंत तिथं पान हलत नाही. जमीन तापली की वारा सुटतो, अकरानंतर जोर धरतो आणि चढ चढून कडेवर येताना आणखी वाढतो. पायथ्याला नुसती झुळूक असते तेव्हा वर पत्रावळ्या उडत असतात. कापडी मांडव म्हणूनच तिथं बांधू देत नाही. कापडात वारा भरला की खुंट्या उपटतात आणि बांबू माणसांवर येतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. फेब्रुवारीत आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे झाडाची सावली बाराला उत्तरेकडे पडते आणि नंतर ईशान्येकडे सरकते. वरचा कडुनिंब कट्ट्याच्या उत्तरेला आहे, त्यामुळे त्याची सावली दुपारी कट्ट्यावर नाही, पलीकडच्या उतारावर पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा सावली बुंध्याशीच असते, पण त्या दिवसांत दुपारी वर बसायचं नावच नको. बुकिंगच्या मेसेजमध्ये 'वरचा कट्टा सकाळी 7 ते 11 आणि संध्याकाळी 5 नंतर, दुपारचं जेवण खालच्या छपरात' असं लिहिलेलं असतं, आणि भाडं दोन्ही जागांचं मिळून एकच आहे. खालच्या छपराच्या पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर आहे. तुम्ही त्याला 'गावठी' म्हटलंय. नुसता पत्रा दुपारी खाली बसलेल्यांच्या डोक्यावर आग ओकतो, पाचट असलं की ती झळ खाली येत नाही.

आता चूल. तुमची माणसं सर्वांत जास्त इथंच चिडली. दिवाळीनंतर माळावरचं कुसळी गवत वाळायला लागतं आणि फेब्रुवारीत ते काडीपेटीची वाट बघत असतं. राज्यात वणव्याचा हंगाम साधारण 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, पण गवत तारीख बघून वाळत नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीतून उडालेली एक ठिणगी वाऱ्यावर बरीच लांब जाऊन पडते, आणि आग चढावर लागली तर सपाटीपेक्षा कितीतरी वेगानं वर धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवत जातात. माणूस तिच्या पुढं पळू शकत नाही.

त्यामुळे स्वयंपाक फक्त छपरामागच्या चुलीच्या ओट्यावर. त्याला तीन बाजूंनी कमरेएवढी भिंत आहे, भोवती 3 मीटर जमीन खरवडून मोकळी ठेवलेली आहे, शेजारी 200 लिटर पाण्याचा बॅरल आणि वाळूच्या बादल्या असतात. तो ओटा तुमच्यासाठी मोकळाच होता. तुमच्या मंडळींना चूल वर, कट्ट्याशेजारी हवी होती. निघताना निखाऱ्यावर नुसती राख लोटून जाणं हा सगळीकडचा घोळ. वरून विझलेली दिसते, आत तासन्‌तास धगधगत असते. पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा पाणी ओतायचं, आणि हाताचा मागचा भाग राखेजवळ नेऊन गरम लागत नाही ना हे पाहायचं.

वडाच्या पाराचं कारण वर मान केली असती तर दिसलं असतं. फांदीला आग्या मोहोळ लागलेलं आहे. या माश्या माणसाच्या मागं दूरवर येतात. धूर, उग्र अत्तर, दगड किंवा फुटलेला फुगा यातलं काहीही त्यांना पुरतं. पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात फुगे आणि अत्तर दोन्ही असणारच. मोहोळ स्वतःहून उठेपर्यंत पार बंद राहील, आम्ही ते जाळत नाही. कुणी विचारतं म्हणून सांगतो: माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड झाकून सरळ गाडीत किंवा खोलीत शिरायचं, पाण्यात उडी मारायची नाही. काटा चिमटीत धरून वेळ घालवू नका, नखानं लगेच खरवडून काढा.

सामान वाहून नेण्याबद्दल. गाडी खालच्या आवारातच थांबते आणि छपरापर्यंत हातगाडा फुकट मिळतो. पण 45 माणसांची भाजी एकाच पातेल्यात आणली की ते उचलायला जड जातं आणि उतारावर हिंदकळतं. झाकणाचे 4-5 छोटे डबे करा. पाण्याच्या 20 लिटरच्या जारचं वजन 20 किलोच्या वर जातं, दोघांनी धरावा. सासूबाईंसारख्यांसाठी छपरापर्यंत उताराची वाट आहे, 12 फुटांना 1 फूट चढ, खुर्ची ढकलत नेता येते. वरच्या कट्ट्याला 60 पायऱ्या आहेत, तिथं गुडघेदुखीच्या माणसाला नेऊच नये.

जेवणाचंही सांगतो, कारण तुमचा दहीभात आंबल्याचं तुम्ही लिहिलंय. सकाळी सहाला कालवलेला भात बंद गाडीतून आणून दीडला उघडला तर दुसरं काय होणार? भात गार करून वेगळा आणा, दही बर्फाच्या खोक्यात ठेवा, इथं आल्यावर कालवा. खरं तर सोलापूरकरांनी या भानगडीत पडूच नये. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, धपाटे, यांना ऊन काही करत नाही.

स्पीकर चालणार नाही. शेजारचा माळ पाखरांचा आहे.

आणि हुरडा. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात, तीन-सव्वातीन महिन्यांनी दाणा चिकातून हुरड्यावर येतो. एका तुकड्यात ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. म्हणून पेरणी टप्प्याटप्प्यानं केलेली असते, तरी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा तुकडाही कडक व्हायला लागतो. बुकिंगच्या वेळी 'हंगाम संपत आलाय, दाणा निब्बर मिळेल' असं सांगितलं होतं आणि त्या दिवशी हुरड्याचे पैसे लावले नव्हते. कोवळा हवा असेल तर डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात या. कणसं सकाळी कापलेली असावीत, गोवऱ्यांच्या आगटीत तीन-चार मिनिटं फिरवून लगेच चोळावीत. कापून दुपारपर्यंत ठेवलेल्या कणसाचा गोडवा उतरतो. तारीख पक्की करण्याआधी फोनवर एवढंच विचारा: कुठल्या तुकड्यातलं कणीस हुरड्यावर आलंय आणि ते किती दिवस पुरेल.