‘टू-टू सगळ्या सारख्याच’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

पॉइंट टू-टूची (०.२२ इंची गोळीची) बोल्ट ॲक्शन रायफल, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट मागेपुढे करायची रायफल, घ्यायचीये असं कुणी म्हटलं की त्याला एक ठरलेला मेसेज फॉरवर्ड होतो, मला स्वतःला तो आत्तापर्यंत चार जणांनी पाठवून "हे बरोबर आहे का" म्हणून विचारलंय. मेसेज थोडक्यात असा: टू-टूची गोळी लहान, दाब कमी, अंतरही कमी, त्यामुळे रायफली सगळ्या सारख्याच, साधी घ्या आणि वाचलेले पैसे मोठ्या स्कोपमध्ये (नेमाच्या दुर्बिणीत) घाला. बॅरल, म्हणजे नळी, लांब आणि जाड बघा. बोल्टला पुढच्या टोकाला लग (बोल्ट अडकवून ठेवणारे दात) नसतील तर घेऊ नका. गोळ्या हाय व्हेलॉसिटीच वापरा. जमलं तर मॅग्नमच घ्या, त्यात साधी टू-टू पण चालते. आणि सोबत आलेल्या टेस्ट टार्गेटवर तीन गोळ्या एका भोकात दिसल्या की डोळे झाकून घ्या.

मॅग्नमचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचं चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर डोळा जाऊ शकतो. साधी टू-टू म्हणजे टू-टू लाँग रायफल, हे काडतूस १८८७ पासून आहे. टू-टू मॅग्नम १९५९ मध्ये आलं आणि ते साध्याचंच लांब केलेलं रूप नाहीये, त्याची केसच (गोळी आणि पावडर धरणारी पितळी पुंगळी) जाड आहे. साध्याची केस साधारण ५.७ मिमी, मॅग्नमची ६.१ मिमी. मॅग्नमच्या चेंबरमध्ये (बॅरलमधल्या काडतूस बसायच्या जागेत) साधं काडतूस आत जातं, पण सैल बसतं, फायर झाल्यावर पितळ फुगतं आणि त्याला बाजूनं आधारच नसतो, मग ते फाटू शकतं आणि गरम गॅस मागे, म्हणजे आपल्या तोंडाच्या दिशेनं येतो. आत जातं म्हणजे चालतं असं नाही. बॅरलवर जे कोरलंय तेच काडतूस घालायचं, ह्यात चर्चेला जागा नाही, आणि ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान हे वाक्य तरी काढून टाकावं.

आता मूळ दावा, लहान गोळी आणि कमी दाब म्हणून सगळ्या सारख्याच. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, काडतूस जितकं साधं तितका रायफलच्या कामाचा फरक टार्गेटवर जास्त दिसतो. सेंटरफायरमध्ये, म्हणजे बुडाच्या मध्यावर पिन बसते त्या काडतुसात, स्वतंत्र प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली) असतो, काडतूस स्वतः भरता येतं, रायफलला काय आवडतं तसं पावडर कमीजास्त करता येते. टू-टू रिमफायर आहे, आणि रिमफायरमध्ये यातलं काहीच आपल्या हातात नसतं. पेटणारा मसाला केसच्या बुडाशी असलेल्या पोकळ रिममध्ये (कडेत) बसवलेला असतो, फायरिंग पिन ती रिम चेचते आणि तो पेटतो. म्हणजे पिन किती जोरात, कुठे आणि दर वेळी तितकीच बसते का ह्यावर पावडर कशी पेटणार ते ठरतं. बोल्ट बंद झाल्यावर रिमसाठी उरणारी जागा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते, ती थोडी जरी जास्त राहिली तर पिनचा काही जोर केस पुढे ढकलण्यातच जातो आणि रिम हवी तशी चेचली जात नाही. गोळी तर फुटत नाही असं नाही, फुटते, आवाजही तोच येतो, पण वेग दर वेळी वेगळा येतो.

त्या वेगाचं काय होतं ते आकड्यात बघा. साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाची गोळी धरली आणि दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला, तर ५० मीटरवर उभ्या दिशेत साधारण ८ मिमीचा फरक येतो आणि १०० मीटरवर तो ३ सेंमीच्या वर जातो. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो, म्हणजे नुसत्या वेगाच्या फरकात जवळजवळ तेवढं वर्तुळ संपलं, शूटरनं अजून काही चूक केलेलीच नाही. आणि "अंतर कमी" म्हणणाऱ्यांनी एकदा ५० मीटरला झिरो करून, म्हणजे नेम तिथे जुळवून, १०० ला मारून बघावं, गोळी पंधरा-वीस सेंमी खाली लागते, जवळजवळ वीतभर.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. माझी पहिली रायफल मी वापरलेली घेतली होती, थंडीच्या सकाळी तिचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) उभ्या रेघेसारखा पडायचा, दुपारी ऊन झालं की पुन्हा गोल. मी आधी स्वतःच्या श्वासाला दोष दिला, मग गोळ्या बदलल्या, मग स्कोपचे माउंट बदलले, दोन महिने ह्यात गेले. शेवटी एका अनुभवी माणसानं बोल्ट उघडून दाखवला, फायरिंग पिनच्या स्प्रिंगवर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, थंडीत पिन हळू जायची. पुसून काढलं आणि एक थेंब पातळ तेल, बास. त्या दिवसापासून कुठलीही टू-टू हातात आली की मी आधी बोल्ट बाहेर काढून बघतो.

दुसरी गोष्ट चेंबर. टू-टूची गोळी मऊ शिशाची, बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेली, आणि तिची जाडी केसइतकीच असते, फक्त मागचा भाग बारीक करून केसमध्ये बसवलेला असतो. चेंबर जिथे संपून रायफलिंग (गोळीला फिरवणाऱ्या बॅरलच्या आतल्या पीळदार खाचा) चालू होतं तिथे धार राहिली असेल तर ती शिसं खरवडते आणि गोळी बॅरलमध्ये शिरतानाच जखमी होते. मॅच (स्पर्धेचं) चेंबर घट्ट असतं, बोल्ट लावताना गोळी रायफलिंगमध्ये किंचित रुतते आणि दर वेळी एकाच जागेवरून, सरळ सुरू होते. साध्या स्पोर्टर चेंबरमध्ये मुद्दाम जागा ठेवतात म्हणजे कुठलंही काडतूस अडकू नये. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण सारखे नाहीत. तपासायला सोपं आहे: काडतूस चेंबरमध्ये घालून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, न मारता बाहेर काढा आणि गोळीवर बघा, रायफलिंगच्या खुणा गोलाकार सारख्या उमटल्यात की एकाच बाजूला ओरखडा आहे.

साधी रायफल वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही, साध्या रायफलीतून सुंदर ग्रुप पडलेले मी पाहिलेत. पण ती चांगली का होती ते तिच्या चेंबर, पिन, क्राउन (बॅरलचं तोंड) आणि ट्रिगरनं ठरलं होतं, "सगळ्या सारख्याच" म्हणून ती चांगली नव्हती.

लांब आणि जाड बॅरल. टू-टू लाँग रायफलमध्ये पावडर एवढीशीच असते, ४० सेंमीच्या आसपास बॅरलमध्ये तिचं काम जवळजवळ संपतं, त्यापुढे लांबीनं वेग फारसा वाढत नाही. लांब बॅरलचा खरा फायदा उघड्या साइटवर मारणाऱ्याला, पुढची आणि मागची साइट लांब गेली की नेमातली चूक कमी होते. स्कोप लावणार असाल तर हा फायदा शून्य. जाडीचंही तसंच, जड बॅरल हातात स्थिर राहते हे खरं आहे, बेंचवर आणि प्रोनमध्ये (पालथं झोपून मारताना) मलाही आवडते, पण टू-टूची बॅरल सेंटरफायरसारखी तापत नाही त्यामुळे "जाड म्हणजे तापून वाकत नाही" हा तर्क इथे लावायचं कारण नाही. उभं राहून मारणार असाल किंवा तासनतास उचलून चालणार असाल तर तेच वजन खांदा दुखवतं, आणि दुखऱ्या खांद्यानं कुणी नीट नेम धरत नाही. जाडीपेक्षा बॅरलचं तोंड, म्हणजे क्राउन बघा, गोळीला शेवटचा स्पर्श तिथे होतो, तिथे एक बारीक ठोका जरी असेल तरी गॅस एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळीला धक्का बसतो.

बोल्टच्या पुढच्या लगचा मुद्दा पटकन संपतो. टू-टूचा दाब जास्तीत जास्त २४,००० पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) आसपास, मोठ्या सेंटरफायर रायफलींत ६०,००० च्या घरात जातो. एवढ्या कमी दाबाला मागे लॉक होणारा बोल्ट पुरेसा आहे. जर्मनीतल्या ॲन्शुट्झची मॉडेल ५४ ॲक्शन मागेच लॉक होते आणि तिच्यावर ऑलिंपिक मेडल्स जिंकलेली आहेत. झेक सीझेडची ४५२ घ्या नाहीतर ४५७, दोन्ही मागेच लॉक होतात आणि लोक त्या प्रेमानं वापरतात. ह्या नियमानं चाललात तर बहुतेक चांगल्या रायफली तुम्ही स्वतःच यादीतून काढाल. बोल्टमध्ये बघायचं ते वेगळं: काडतूस दोन्ही बाजूंनी धरणारे एक्स्ट्रॅक्टर आहेत का, बोल्ट मागे ओढला की रिकामी केस दर वेळी स्वच्छ बाहेर पडते का, हँडल उचलायला किती वर न्यावं लागतं. ४५७ मध्ये ते ६० अंशच उचलावं लागतं म्हणून स्कोप खाली बसवता येतो आणि बोटं स्कोपला घासत नाहीत, ४५२ मध्ये ९० अंश होतं. असल्या गोष्टी मेसेजमध्ये कधीच येत नाहीत आणि वापरताना रोज जाणवतात.

वाचलेले पैसे स्कोपमध्ये घालायचे, ह्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो कारण ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मोठा स्कोप म्हणून लोक बहुतेक वेळा सेंटरफायरसाठीचा घेतात, त्याचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकणं, फक्त १०० यार्डला शून्य होईल असा फिक्स केलेला असतो. आता ४० मिमी ऑब्जेक्टिव्ह (पुढची काच) असलेला असा स्कोप ५० मीटरवर वापरला आणि डोळा मध्यापासून पार कडेला गेला तर नेम ९ मिमीपर्यंत सरकू शकतो, क्रॉसहेअर बरोबर जागी दिसत असताना. पुन्हा ते १०.४ मिमीचं वर्तुळ आठवा. रिमफायरचे स्कोप ५० यार्डच्या आसपास सेट केलेले येतात, किंवा मग ॲडजस्ट करता येणारा घ्या, मॅग्निफिकेशन कमी असलं तरी चालेल. आणि डोळा मध्यावर राहायचा तर गाल दर वेळी स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) एकाच जागी टेकला पाहिजे, म्हणजे स्टॉकची उंची आणि लांबी तुमच्या अंगाला बसली पाहिजे, म्हणजे फिरून पुन्हा रायफलपाशीच आलो. जास्तीचे पैसे असतील तर आधी ट्रिगरकडे बघा. जड, खरखरत सुटणारा ट्रिगर असेल तर महागडा स्कोप तुम्हाला फक्त तुमचा नेम हलताना मोठा करून दाखवतो.

गोळ्या हाय व्हेलॉसिटी. ध्वनीचा वेग साधारण ३४० मीटर प्रति सेकंद. हाय व्हेलॉसिटीची गोळी ३८० च्या आसपास निघते आणि ५०-१०० मीटरच्या आत वेग कमी होता होता ध्वनीच्या वेगाचा टप्पा ओलांडते, त्या टप्प्यात ती डळमळू शकते. स्टँडर्ड आणि मॅच गोळ्या मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात ते यासाठीच. जास्त वेगाची गोळी वाऱ्यात कमी सरकेल असं वाटतं, पण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा इतका वाढतो की ती उलट जास्त सरकते, आणि हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मलाही पटायला वेळ लागला. कुठला ब्रँड चांगला हे मी सांगणार नाही कारण ते तुमची बॅरल सांगेल. एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्ये (कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांमध्ये) फरक पडतो, म्हणून तर एली आणि लापुआसारख्या कंपन्या शूटरला स्वतःची रायफल आणून लॉट निवडायची सोय देतात. गोळ्या बदलल्या की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, आधीच्या गोळीचं मेण बॅरलमध्ये असतं, नव्याचा थर बसू द्या.

जाता जाता, "लहान गोळी" हा शब्द वापरताना लक्षात ठेवा की ही लहान गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. मागे भक्कम बांध नसेल तर मारायचं नाही.

राहिलं टेस्ट टार्गेट. तीन गोळ्या एका भोकात दिसणं सोपं आहे, कारण गोळ्या कमी म्हणजे ग्रुप लहान, हे निव्वळ गणित आहे. त्याच रायफलचा, त्याच गोळ्यांचा दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून थोडा जास्तच मोठा येतो, रायफल बिघडलेली नसते, फक्त तिचं खरं रूप दिसतं. आणि बॉक्समधला कागद कुठल्या गोळ्यांनी, किती प्रयत्नांतून निवडून ठेवलाय हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून घेण्याआधी मारून बघायला मिळत असेल तर टेकवून, एकाच गोळीच्या दहा-दहाचे निदान तीन ग्रुप मारा, मग दुसरी गोळी, आणि "ही माझी चूक होती" म्हणून एकही भोक वगळू नका. ग्रुप उभा पडला तर पिन आणि गोळ्यांकडे बघा, आडवा पडला तर वारा किंवा गालाची जागा, आणि दोन वेगळे पुंजके दिसले तर दुसरं काही करायच्या आधी स्टॉकचे स्क्रू नीट आवळलेत का ते तपासा.