रोज रात्री एक तास इंटरनेटसाठी

१९९६च्या उन्हाळ्यात मी नोकरीसाठी अमेरिकेत सॅन होजेला होतो. एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं, सगळे आपल्याकडचेच. दिवसभर कंपनीत संगणकासमोर बसायचो, आणि रात्री वरणभात ताटात घेऊन टीव्हीवर परत इंटरनेटच बघायचो. कार्यक्रमाचं नाव 'द साइट'. एमएसएनबीसी ही केबल वाहिनी १५ जुलै १९९६ला सुरू झाली, तेव्हापासूनचा हा कार्यक्रम.

सूत्रसंचालक होती सोलेदाद ओब्रायन. सोबतीला, कॉफीच्या काउंटरमागे, संगणकावर घडवलेलं एक पात्र: देव नल. युनिक्स या संगणक प्रणालीवर काम केलेल्यांना हे नाव लगेच कळेल. जिथे काहीही टाकलं तरी गडप होतं, त्या जागेचं ते नाव. पात्रामागे होते लिओ लपोर्ट. अंगभर सेन्सरचा पोशाख घालून ते आडोशाला हातवारे करायचे आणि पडद्यावर देव नल तसाच हलायचा. सोलेदादसमोर खरं तर कुणीच नसायचं. तरी ती त्या रिकाम्या जागेशी इतकी रंगून गप्पा मारायची की आमचे हात ताटातच थांबायचे!

पण मला तो कार्यक्रम आवडायचा तो प्रश्नांमुळे. लोक ईमेलनं साधेसुधे प्रश्न पाठवायचे आणि देव नल त्यांची उत्तरं द्यायचा. कुणाला अडाणी ठरवणं नाही, घाई नाही. आपल्याकडे तेव्हा विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं लोकांना इंटरनेट देऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी आत्याला पत्रातून हे सगळं कळवायचो आणि तीही पत्रातून शंका विचारायची.

३१ ऑगस्ट १९९७ला ब्रिटनची प्रिन्सेस डायना गेली. वाहिनीवर दिवसरात्र तेवढंच सुरू झालं, 'द साइट' बाजूला पडला आणि सप्टेंबरात बंदच झाला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आज राग येतो. एकच बातमी चोवीस तास दळली की लोक खिळून बसतात, हे वाहिन्यांना कळलं ते कळलंच.

आता आपल्या वाहिन्यांवर इंटरनेट म्हणजे काय, तर व्हायरल क्लिप. लाल गोल, बाण, तेच दहा सेकंद वीस वेळा. क्लिप कुठली, कधीची, कुणी टाकली, याचा पत्ता नाही. मागच्या पावसाळ्यात एका वाहिनीवर पुराची जुनी क्लिप 'आत्ताची' म्हणून लागली आणि आत्यानं घाबरून मला सात फोन केले. ती आता ८१ वर्षांची आहे.

मराठीत असा रोजचा एक तास हवा. कुणी निर्माता हे वाचत असेल तर मनापासून सांगतो, पहिल्या भागाचे प्रश्न तयार आहेत. आत्यानं कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलेत: ओटीपी विचारणारा खरंच बँकेचा आहे हे कसं ओळखायचं? फोटोतला माणूस खरा की बनवलेला? आणि मी एकदा भजनाचा व्हिडिओ बघितला, तर दुसऱ्या दिवसापासून मला तेच का दाखवतात?