फेरीबोटीतली फणी

काल सकाळपासून डोकं फिरलंय माझं. म्हणजे डोक्यावरून फणी फिरलीय, गोव्यातल्या चोडण-रायबंदर फेरीबोटीत, भर गर्दीत, मला न विचारता.

मागची कथा थोडक्यात. केस जन्मापासून कुरळे. शाळेत साईबाबा, कॉलेजात मॅगी, मग लग्नाच्या आधी एका पार्लरात पगार ओतून दोनशे डिग्रीच्या इस्त्रीखाली मान दिली, सहा महिन्यांत मुळाशी परत कुरळे आणि टोकाला केरसुणी. गेल्या वर्षी म्हटलं बास, आहेत तसे सांभाळू. तेव्हापासून सल्फेट नसलेला शांपू, सिलिकॉन नसलेला कंडिशनर, गुंता ओल्या केसांतच सोडवायचा, जवस उकळून गाळलेलं जेल लावायचं (ती गाळणी आता चहाला चालत नाही यावर घरात वेगळं भांडण), केस मुठीत चुरगाळायचे आणि जुन्या सुती टीशर्टात गुंडाळायचे. दीड तास जातो. कोरड्या केसांना फणी मात्र लावायची नाही म्हणजे नाही.

"कितें गो बाय हें?"

वळले तर एक मावशी. साठीच्या पुढच्या, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, हातात कापडी पिशवी.

"केस आहेत मावशी."

"ते दिसतात. विंचरायला विसरलीस?"

"विंचरायचे नसतात, कुरळे आहेत ना."

मावशींनी शेजारणीकडे बघितलं. "विंचरायचे नसतात म्हणते." शेजारणीने आधी माझ्या आयकार्डाकडे बघितलं, मग केसांकडे, आणि हळहळली. तेवढ्यात मावशींनी माझी एक बट चिमटीत धरून दाबली. कुर्र वाजलं, जेल वाळून कडक झालं होतं, ते मोडायला मला वेळच मिळाला नव्हता.

"गोंद?"

"जवस."

"खातात ते जवस?"

"हो."

"मग खा ना गो!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही, मला लेक्चर द्यायची हौस. सांगितलं की कुरळ्या केसाचं मुळाशी छिद्रच गोल नसून चपटं असतं, म्हणून केस वळतच बाहेर येतो, आणि टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून हे केस कोरडे. यातलं मावशींनी ऐकलं काय, तर तेल पोचत नाही.

"तेच तर सांगते मी! तेल घाल!" आणि पिशवीतून फणी निघाली. निळी, प्लास्टिकची, मधले दोन दात गेलेली. "ओगी राव." म्हणजे गप्प रहा.

पहिल्याच झटक्यात डोळ्यांत पाणी आलं. स्कूटरवर रेनकोट घालून बसलेला एक माणूस म्हणाला, "मावशी, टोकापासून सुरू करा, वरून नको, तुटतील." आणि वैताग म्हणजे तो बरोबर सांगत होता.

मला एक कळत नाही. बाळकृष्णाचं कुरळं जावळ चालतं. कवितेत कपाळावर भुरभुरणारी एक कुरळी बट चालते, तिच्यावर लोक जीव टाकतात. तशाच हजार बटा एका बाईच्या डोक्यावर असल्या की त्या झिंज्या होतात आणि दिसेल त्याने आवरायच्या. टक्कल पडलेल्या काकांच्या डोक्यावरून कुणी फडकं फिरवलेलं ऐकलंय? सरळ केसवालीला कुणी फेरीत थांबवून जरा कुरळे कर गो म्हणतं? वर मी हसायचं, कारण मावशी मायेने करतायत. मायेनेच करत होत्या, म्हणून तर ओरडता आलं नाही.

कोरडे कुरळे केस विंचरले की बटा फुटतात, त्यात जुलैची दमट हवा, केस ती पिऊन आणखी फुगतात. रायबंदर दिसायला लागेपर्यंत डोक्याला टोपल्याचा आकार आला. पक्षी अभयारण्य चोडणलाच आहे, एखाद्या बगळ्याने जागा बघून ठेवली असेल. मावशीही जरा घाबरल्या, मग फडाफड वेणी घातली, ओढून, भुवया वर जाईपर्यंत, आणि स्वतःच्या वळेसरातली चार अबोलीची फुलं तोडून खोवली. "बरें दिसता आतां." स्कूटरवाल्याने मान डोलावली.

ऑफिसात पाच जण म्हणाले, आज छान दिसतेस. वर्षभरात पहिल्यांदा.

मावशी सोमवारी याच फेरीला असणार आहेत. उतरताना म्हणाल्या, खोबरेलाची बाटली घेऊन येते, घाण्याचं आहे, घरच्या नारळांचं. मी थँक्यू म्हटलं. का म्हटलं?